लाल फॉर्टी, पिवळी फिफ्टी आणि दसऱ्याची हळद

मी, योगेंद्र काळूराम भोईर, वय चोवीस, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, पूर्ण शुद्धीत, नुकताच पोटभर जेवून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतोय. आजार काही नाही. उद्या बाईकवर स्पितीला निघतोय, एवढंच.

पहिलं, तंबू आणि पान्यांची पेटी बहीण सलोनीला. तंबूची चेन अडकते, मेणबत्ती घासायची. मनालीला त्या चेनने अख्खी रात्र... जाऊ दे.

दुसरं, खरी इस्टेट. फेरारीची लाल एफ-फॉर्टी आणि पिवळी एफ-फिफ्टी. वीतभर लांबीची मॉडेल्स, आता बाजारात मिळत नाहीत. माझी आणि चुलतभाऊ हृतिकची अर्धी-अर्धी.

कोर्टाला माहीत असावं म्हणून सांगतो, फॉर्टी भारी. आठ सिलिंडर, दोन टर्बो. आधी गप्प, मग एकदम पाठीत लाथ. आतून दार उघडायला नुसती दोरी! हृतिकचं म्हणणं, "फिफ्टीला बारा सिलिंडर, टर्बो-बिर्बो नाय, रेसच्या गाडीचं इंजिन, छप्परपण निघतं. तुझी फॉर्टी म्हणजे पंखा लावलेला डबा."

"आणि तुझी फिफ्टी म्हणजे चपटा बेडूक."

शाळेपासून हेच चाललंय. खऱ्या गाड्या दोघांनीही फक्त मोबाईलवर पाहिल्यात.

तिसरं, दसऱ्याचं. जेसल पार्कचा एक हौशी माणूस ही जोडी घेऊन बदल्यात त्याची बंद पडलेली, पण खरीखुरी फियाट देणार होता. ती चालू करायची म्हणून हृतिक महिनाभर हवेत होता. माणूस दसऱ्यालाच आला. तोवर आईने बाईक, कोयता, मिक्सर यांच्यासोबत कपाटातल्या या दोघींचीही पूजा उरकली होती. लाल बॉनेटवर ओली हळद, पिवळ्यावर कुंकू. पुसलं तर डाग आणखी पसरले. माणूस चहासुद्धा न घेता गेला.

"काकी, पूजा केलीस का वाट लावलीस?"

"गाडी घरान हाय न् पूजा न्हाय? असा कसा चालंल?"

तेव्हापासून हृतिक दोन गल्ल्या सोडून राहतो, पण घरी येत नाही. जवळ्याची चटणी केली की आई अजून त्याची वाटी वेगळी काढते.

म्हणून दोन्ही गाड्यांतला माझा हिस्सा हृतिकला. अट एकच, दर दसऱ्याला त्याने दोन्ही गाड्या आईकडे आणायच्या, हळद-कुंकू लावून घ्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही आणि जेवून जायचं.

चौथं, हे आत्ता घडलं म्हणून जोडतोय. साक्षीदार म्हणून सही करायला सलोनीने नकार दिला, साक्षीदाराला वाटा मिळत नाही म्हणे आणि तिला तंबू हवाय. मग तिनेच जाऊन हृतिकला बोलावलं. त्याने दारातच उभं राहून सगळं वाचलं.

"येड्या, पेन दे."

"सही केलीस तर गाड्या जातील तुझ्या."

"जाऊ दे. मला नकोत अशा. दसऱ्याच्या आत परत ये आणि तूच घेऊन बस काकीसमोर."

कायद्यात खरंच तसं आहे का, मला माहीत नाही. आई वाटी घेऊन आली. तो बसला.

तेव्हा गाड्यांचं कलम मी परत येईपर्यंत लटकत ठेवलंय.

भाईंदर पूर्व, १४ जून २०२५
सही: योगेंद्र का. भोईर

साक्षीदार:
१. आत्माराम म्हात्रे, शेजारी (न वाचता सही केली)
२. हृतिक धर्माजी भोईर (सगळं वाचून सही केली. फिफ्टीच भारी.)