कपडे आत घेण्याबाबत

तीर्थस्वरूप आत्या,

भाचीचा वाकून नमस्कार. (इथे वाकण्याआधी पायाशी खेकडा नाही ना हे बघून घ्यावं लागतं. तुझ्यासाठी न बघता वाकले आहे, याची नोंद असावी.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आतोबा गोळ्या वेळेवर घेतात की अजून उशीखाली लपवतात? आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. त्यातले हे खुशाल आहेत. मी लग्न होऊन या बेटावर पाय ठेवल्यापासून घाबरलेली आहे, आणि आता त्याचा इतका सराव झाला आहे की घाबरत घाबरत स्वयंपाकसुद्धा नीट जमतो.

घर कसं आहे विचारलंस. टेकडीवर हवामान केंद्र आणि त्याला खेटून आमच्या दोन खोल्या, वर पत्रे, पुढे व्हरांडा. पुढच्या दारातून समुद्र दिसतो म्हणून मी मागचं दार उघडलं, तर तिकडेही समुद्रच. बेटाची व्याख्या मी शाळेत पाठ केली होती, पण चारी बाजूंनी पाणी म्हणजे खरोखर चारी बाजूंनी, हे लग्न ठरताना मला कुणी नीट समजावून सांगितलं नाही. (स्थळ तूच आणलं होतंस, पण ते असो.) खाऱ्या हवेने आहेरातल्या कपाटाला गंज चढलाय आणि त्याचं दार उघडताना असं किंचाळतं की मी रोज दचकते, मीच उघडत असले तरी. नारळाच्या झाडांखालून जाताना मी डोक्यावर परात धरते. लोकांना ती आमच्याकडच्या नव्या नवरीची रीत वाटली, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

हे केंद्रात निरीक्षक आहेत एवढं तुला माहीत आहेच. सकाळी एक मोठा फुगा आकाशात सोडायचा, दिवसभर यंत्रांवरचे आकडे बघायचे आणि ते मुख्य कचेरीला कळवायचे, असं कामाचं स्वरूप. पण घरात हवामानाविषयी चकार शब्द काढत नाहीत. वादळाचा इशारा द्यायचा तो मुख्य कचेरीनेच, असा नियम आहे, आणि ह्यांचं नियमांवर माझ्याआधीपासून प्रेम आहे. उद्या पाऊस येईल का एवढं विचारलं तरी हे पेला उचलून पाणी पितात. त्यामुळे वादळाविषयीचे सगळे निर्णय माझे मलाच घ्यावे लागतात.

आल्या आल्याच एक दिवस आकाशात ढग आला. काळा, मोठा आणि सरळ आमच्या घराच्या दिशेने. मी दोरीवरचे कपडे आत घेतले, गादी आत घेतली, खुर्च्या एकमेकींना बांधल्या. मग व्हरांड्यातून खाली बंदराकडे बघितलं तर लोक होड्या वाळूवर ओढत होते. समुद्रावर जन्म काढलेली माणसं होड्या ओढतात, म्हणजे येणार ते काहीतरी भयंकर येणार. मी घाईघाईने कुंड्या आत घेतल्या. तर खाली दुकानाचं शटर पडलं. ते बघून मी खिडक्यांना आतून पाट लावले. तेवढ्यात शाळा सुटल्याचा गलका ऐकू आला. मग मात्र मी पलंगाखाली शिरले. तिथे मी तुझं, आतोबांचं आणि आईबाबांचं नाव घेऊन झाल्यावर हे घरी आले आणि खाली वाकून मला विचारू लागले, बंदर आज बंद का आहे? बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

उलगडा दुसऱ्या दिवशी जाळी विणणाऱ्या मावशींनी केला. (त्या टेकडीच्या पायथ्याशी राहतात आणि मला घरची समजून रागावतात.) आधीच्या निरीक्षकांची बायको इथे कित्येक वर्षं होती. तिने दोरीवरचे कपडे आत घेतले की होड्या समुद्रावर जात नसत. रेडिओ सांगतो की तुरळक ठिकाणी शक्यता आहे. आता तुरळक ठिकाण म्हणजे कुणाचं घर धरायचं? पण निरीक्षकाची बायको धुतलेले ओले कपडे उचलते, तर नवऱ्याने तिला काहीतरी सांगितलंच असणार. म्हणजे आत्या, ते माझ्याकडे बघून घाबरत होते आणि मी त्यांच्याकडे बघून. एका ढगापायी आम्ही सगळ्यांनी मिळून अख्खं बेट बंद केलं, आणि तो ढग न थांबता निघून गेला.

केंद्राच्या साहेबांनी ह्यांना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं आणि माझ्यासाठी निरोप धाडला की कारणाशिवाय कपडे हलवायचे नाहीत. पलंगाखालची गोष्ट मावशींकडून गावभर झाली आणि माझं नाव ढगवहिनी पडलं ते वेगळंच. तेव्हापासून मी शहाण्यासारखी वागू लागले. भुरभुर पावसात कपडे बाहेर ठेवले. वारा सुटला तर व्हरांड्यात उभी राहून हसले. (खांबाला धरून. खालून ते दिसत नाही.) पण खरी भीती काय असते ते मला त्यानंतर कळलं. मी हसत उभी राहिले की खाली होड्या पाण्यात लोटल्या जायच्या. त्यात जाळीवाल्या मावशींचे दोन्ही मुलगे असायचे. मला कशातलं काही कळत नाही, आणि माझ्या दोरीकडे बघून माणसं समुद्रावर जातात. तोवर मी स्वतःपुरती घाबरत होते, ते एका पलंगाखाली मावत होतं. आता होड्या परत येईपर्यंत मी व्हरांड्यात बसून त्या मोजत राहायचे.

आणि मग मागच्या आठवड्यात हे भर सकाळी घरी आले. एरवी संध्याकाळशिवाय येत नाहीत. आकाश निळं होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. उभ्याउभ्याच पाणी प्यायले, पेला पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. मुख्य कचेरीचा फोन लागत नाही, एवढंच बोलले. मग दोरीकडे बघत राहिले. मी विचारलं, कपडे आत घेऊ का?

"मी काही बोललेलो नाही," हे म्हणाले. दारापर्यंत गेले, थांबले. "चादर आधी घे. ती लांबून दिसते."

मी चादर घेतली. सगळे कपडे घेतले, खुर्च्या बांधल्या, कुंड्या उचलल्या. खाली एकही माणूस हलला नाही. कुणीतरी माझ्याकडे बघून हात केला आणि हशा पिकला. ढगवहिनीला निळ्या आभाळातही ढग दिसायला लागले, असंच त्यांना वाटलं असणार. होड्या पाण्याकडे निघाल्या.

आत्या, त्यानंतर मी जे केलं ते मी केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मी टेकडीवरून धावत सुटले. नारळाच्या झाडांखालून, डोक्यावर परात नसताना. होड्यांचा म्होरक्या तांडेल म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांची होडी अर्धी पाण्यात होती. मी आजवर पाण्यात पाऊलही बुडवलं नव्हतं. गुडघाभर पाण्यातून जाऊन मी त्या होडीत चढले आणि बसले. ओरडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. नुसती रडत होते आणि इतकी कापत होते की होडी हलत होती. तांडेल म्हणाले, वहिनी, उतरा.

"नाही उतरणार. जायचं तर मला घेऊन जा."

तांडेलांनी होडीवरचा हात काढला. कुणी हसलं, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं.

"त्या दिवशी घाबरून पलंगाखाली गेली होती," ते म्हणाले. "आज घाबरून पाण्यात आलीय. ओढा होड्या वर."

वादळ दुपारी आलं. त्याचं वर्णन करत नाही, कारण मी डोळे मिटून होते. गावातले बरेच जण केंद्राच्या पक्क्या खोलीत दाटीवाटीने बसले होते आणि मी ह्यांचा सदरा घट्ट धरला होता. त्याची दोन बटणं माझ्या मुठीत निघाली. आमच्या व्हरांड्याचे पत्रे गेले, दोरी खांबासकट गेली. माणसं सगळी जागच्या जागी राहिली. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला रागावतही होत्या, की साडी अशी खाऱ्या पाण्यात भिजवतात का. मुख्य कचेरीचा इशारा नंतर पोचला. हे तो नियमाप्रमाणे फळ्यावर लावून आले. बातमी फुटली कशी, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा हे म्हणाले की कपड्यांबाबत नियमावलीत काही नाही. साहेबांनी नियमावली उघडून खात्री केली आणि केंद्राच्या सामानातली एक नवी दोरी आमच्याकडे पाठवून दिली.

आतोबांना नमस्कार, आणि उशी मधूनमधून झटकत जा.

तुझी, अजूनही घाबरलेली,
भाची

ता. क. आतोबांनी मुख्य कचेरीतल्या मित्राकडे शब्द टाकून ह्यांची बदली परत तिकडे जमवत आणल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. तुम्हा दोघांचे उपकार कसे फेडू? ती बदली थांबवायला सांग. मला इथे करमायला लागलंय असा गैरसमज मात्र करून घेऊ नकोस. समुद्र अजून चारी बाजूंनी आहे.

पुन्हा ता. क. ह्यांच्या जागी कोण येणार आहे त्याची मी साहेबांकडे चौकशी केली. माणूस फार हुशार आहे म्हणतात. लग्न झालेलं नाही, करायचा विचारही नाही, आणि त्याला म्हणे कशाचीच भीती वाटत नाही. हे ऐकल्यापासून माझे हातपाय गार पडले आहेत. आत्या, मग या सगळ्यांनी बघायचं तरी कुणाकडे?