समोरची खुर्ची

छकुलीचे बाबा,

तुमची तेरवी झाल्यापासून मले झोप नाही, म्हणून छकुली मले हट्टानं चिखलीले समुपदेशनवाल्या बाईकडे घेऊन जाते. मी म्हटलं होतं, मले काही येड नाही लागलं. पण शैलजाताई चांगल्या आहेत. घाई करत नाहीत, ऐकून घेतात.

आज त्याहीनं माह्यासमोर रिकामी खुर्ची ठेवली अन् म्हणाल्या, "ते इथं बसले आहेत असं समजा. मनात राहून गेलं ते बोला."

मी खुर्चीकडे पाह्यलं, पदर डोक्यावर घेतला अन् उठून खाली फरशीवर बसली. तुमच्यासमोर मी खुर्चीवर कधी बसली होती?

वाटलं, ताई हासतीन. पण त्या माह्याजवळ खाली येऊन बसल्या. खुर्ची बाजूले सारली अन् हळूच म्हणाल्या, "आता त्यांनाही खाली बसवा."

मंग तुम्ही माह्यासमोर मांडी घालून बसले. मले लय रडू आलं. बोलायचं ते सारं इसरली. एवढंच इचारलं, असं बसता येत होतं तं जिवंतपणी काऊन नाही बसले?

छकुलीची माय