म्हशींचा दलाल डोंगरात

मसाई पठाराखालची वाडी
११ जुलै २०२५

सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

ट्रेकचा लीडर धैर्यशील यानं सगळ्यांचे मोबाईल काढून घेतलेत; डोंगर बघा म्हणे. डोंगर ढगात आहे, आम्ही चिखलात. म्हणून ही चिठ्ठी बाळासोच्या दुधाच्या टेम्पोतून. संध्याकाळी तो रिकामे कॅन घेऊन परत येतो, उत्तर त्याच्याकडेच दे.

अनुजाला सांग, ऋतुराज फोटोपेक्षा उंच आहे. त्यानं मला कधी पाहिलेलं नाही, तेव्हा इथं मी गणपतराव, म्हशींचा दलाल. घरी पोहे खाताना सगळीच मुलं सज्जन असतात. चार दिवस पावसात चालवलं की खरं काय ते कळतं. आज मी मुद्दाम चिखलात पडलो. त्यानं उचललं. नंतर दोनदा मुद्दाम न पडताही पडलो. तेव्हाही उचललं, फक्त तिसऱ्यांदा म्हणाला की काका, आता बसूनच उतरा.

आक्का नावाची साठीची एक बाई सतत माझ्या मागं असते. पावणं, म्हशीचा दलाल म्हणवता आन् शेणाला नाक धरता व्हय, असं तिनं चारचौघांत विचारलं.

लोभ आहेच, थोडा माझ्या गुडघ्यांवरही असू दे.
सयाजी

कोल्हापूर
१२ जुलै

श्री. रा. रा. गणपतराव दलाल यांस,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी ओली आणि दुधाच्या वासाची पोचली. अनुजा धड जेवत नाही. मुलगा तिला पसंत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उद्या मुलाकडच्यांना उत्तर द्यायचंय, तेव्हा आणखी पडू नका. दुकानात गिऱ्हाईक एकच कडी दहादा वाजवून बघतं तेव्हा तुम्ही वैतागता. तिथं तुम्ही तेच करताय.

त्या बाईशी गोडीनं वागा. चुलीजवळची जागा अशाच बायकांच्या हातात असते. कोरडे मोजे दुकानाच्या पिशवीत तळाशी आहेत.

माया पातळ होऊ देऊ नका.
पूर्णिमा

शाळेची पडवी
१२ जुलै, संध्याकाळ

सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

मोजे सापडले. जळवांनाही सापडले.

आक्काशी समेट झाला. तिनं भाकरी-ठेचा दिला आणि मी विरघळून सगळं सांगून बसलो, की लेकीसाठी हा मुलगा बघायला आलोय. त्याची मलकापूरची मावशी भारी खाष्ट आहे, तिच्या परवानगीशिवाय त्या घरात कुकरची शिटीही वाजत नाही म्हणे, हेही सांगितलं. आक्का भाकरी मोडत ऐकत होती. व्हय की, असत्यात असल्या बायका, एवढंच म्हणाली.

मुलात दोष सापडला. एकुलती एक कोरडी ताडपत्री त्यानं मला सोडून आक्काला दिली. तिचं ओझंही तोच वाहतो, नातं ना गोतं. बाकी तंबाखू नाही, घोरणं नाही, भांडी घासतो. खरं सांगू, नाही म्हणायला काहीतरी मिळावं म्हणूनच मी चालतोय. एकुलती पोरगी आहे. ताडपत्रीवर स्थळ मोडता येतं का, ते कळव.

तुझा, भिजलेला,
सयाजी

कोल्हापूर
१३ जुलै

श्री. दलाल यांस,
शि. सा. न. वि. वि.

मुलाच्या आईंचा फोन आला. त्यांनाही त्याच टेम्पोतून चिठ्ठी आलीय, थोरल्या बहिणीची. मलकापूरच्या. तुमची आक्का ती. भाकरी पचली असेल अशी आशा करते.

त्यांनी तुम्हाला पहिल्या तासालाच ओळखलं, ऋतुराजनंही. नाव गणपतराव, धंदा म्हशींचा आणि खांद्यावर पिशवी, तिच्यावर ठळक अक्षरांत सयाजी हार्डवेअर, कोल्हापूर. खाली मोबाईल नंबर. तुम्ही मुद्दाम पडताय हे कळूनही पोरगं दर वेळी वाकलं.

आक्कांचा निकाल फोनवर वाचून दाखवला: माणूस खोटं बोलतंय, पण त्याला जमत न्हाय, तवा घर चांगलं हाय. खाष्टपणाचं भेटल्यावर बघते, असंही खाली आहे.

ताडपत्रीवर स्थळ मोडत नाही. पण होकार मी एकटी देणार नाही. उत्तर उद्या सकाळी डोंगरातून येईल, असं त्यांना सांगितलंय. अनुजा आत्तापासून टेम्पोच्या वाटेकडं डोळे लावून बसलीय.

पूर्णिमा

मुक्काम तिसरा
१३ जुलै, संध्याकाळ

सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून पिशवी उलटी करून घेतली. आक्कांनी ताडपत्रीत जागा दिली, ठेचा मात्र आज भाकरीएवढा वाढला आणि संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

ऋतुराज पिशवी बघून हसला आणि म्हणाला, मामा, आता कशाला. तीन दिवस काका म्हणत होता, आज सासऱ्याला म्हणतात तसं मामा.

अनुजाला सांग, मी ओ दिली.

सयाजी, हार्डवेअरवाला