आयलीच्या खुंट्या

कोइवू कोपरा, उत्तर मिशिगन
१२ जानेवारी

चि. सायमीस थोरल्या भावाचे आशीर्वाद. वि. वि.

तू तब्येतीचे विचारलेस. डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला हॉस्पिटलात खुर्ची. एक वार चुकला की पाय सुजतात. लागोपाठ दोन चुकले तर काय होते ते डॉक्टरांनी सांगितले आहे, तुला लिहीत नाही.

काळजी बर्फाची आहे. बर्फ सारणाऱ्या गाड्या कुठे आधी आणि कुठे मग जाणार, हे रस्तेखात्याच्या कचेरीत आपली पुतणी आयली ठरवायची. तिच्या टेबलामागे खुंट्यांचा फळा होता, एकेका रस्त्याची एकेक खुंटी. कोणाच्या लेकीचे दिवस भरत आले आहेत, कोणाकडे दुधाची गाडी यायची आहे, सगळे तिला ठाऊक. रोज पहाटे खुंट्या वरखाली करायची. माझ्या वारांना माझी खुंटी सगळ्यांत वर.

आता नव्या साहेबांनी, मॅकेन्नांनी, संगणकावर यादी बसवली आहे. मोठा रस्ता आधी, गल्ल्या शेवटी. माझी गल्ली एकसष्टावी. आयलीने विचारले, क्रम बदलायचा कुठे? साहेब म्हणाले, अगं बदलताच येत नाही, म्हणून तर घेतलं, वशिलेबाजी नको. माणूस वाईट नाही. पण त्या यादीला सोमवार काय नि गुरुवार काय, सारखेच. परवाच्या गुरुवारी गाडी माझ्या दारात अकराला आली. खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकली होती.

मी सहावी शिकलेला माणूस, संगणकाशी काय भांडणार? मुलांना आशीर्वाद. विसरू नकोस.

तुझा दादा,
उर्हो

डुलुथ
१७ जानेवारी

ती. दादास सायमीचा सा. न. वि. वि.

तू काळजी करायलाच जन्मलास. तळे गोठले की मासे गुदमरतील म्हणून रडायचास, आई सांगायची. पण या वेळी तुझी काळजी खरी आहे, म्हणून थट्टा एवढीच पुरे. सरळ माझ्याकडे ये, इथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे.

आयलीला फोन केला, चांगले फैलावर घेणार होते. ती हसत म्हणाली, आत्या, साहेब फळा काढ म्हणाले, काढला. आता माझ्या स्वयंपाकघरात टांगलाय. काकांना सांग, वादळ येऊ दे, पहाटे पाचला तयार राहा म्हणावं.

काय करते आहे ही पोरगी? नोकरी घालवून बसेल. लगेच कळव. माया आहेच, पत्र मात्र हवे.

तुझी,
सायमी

कोइवू कोपरा
२६ जानेवारी

चि. सायमीस आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारी कमरेएवढा बर्फ पडला. मी तीनपासून खिडकीशी. सव्वापाचला दिवे दिसले. खात्याची गाडी नव्हे, खात्यातल्या वाइनो ड्रायव्हरची स्वतःची, पुढे बर्फ सारायचे पाते लावलेली. त्याने मला बसवून घेतले आणि वाटेत सगळे सांगितले. आपल्याकडे कॉफी घेतल्याशिवाय कोण कामावर जातो? पाचही ड्रायव्हर साडेचारला आयलीकडे कॉफीला जमतात, फळा बघतात, अडलेल्यांच्या गल्ल्या आपापल्या गाडीने उघडतात आणि सहाला कामावर जाऊन यंत्राची यादी तंतोतंत पाळतात. मी तासभर आधी पोचलो. नर्स म्हणाली, आज खुर्चीत झोपायलाच आलात वाटतं.

साहेबांना कळलेच. मी घाबरून गेलो. आयली त्यांना म्हणाली, माझ्या घरी पहाटे कोण कॉफी पितं, ते यादीत कुठल्या रकान्यात भरू? साहेबांनी सगळे रकाने पाहिले म्हणे. मग म्हणाले, राहू दे. इतकी वर्षे काम केले, एवढी हुशारी मी पाहिली नाही, सायमी. तिने कोणाचे काही मोडले नाही, आणि कोणाला अडूही दिले नाही.

तुझ्याकडे येत नाही, रागावू नकोस. काल तिच्याकडे कॉफीला गेलो होतो. हेल्मी कोस्केलाच्या लेकीला आठवडाभरात केव्हाही कळा सुरू होतील, आणि आमच्या गल्ल्या दोन टोकांना, पण दोन्ही वाइनोच्याच वाट्याच्या. आयली दोन्ही खुंट्यांवर बोट ठेवून फळ्यापुढे उभी. मग मीच उठलो, माझी खुंटी काढून दुसऱ्या जागी लावली आणि त्या पोरीची सगळ्यांत वर. मला थोडा उशीर होईल. होऊ दे.

सर्वांना आशीर्वाद, आणि आहे तसाच जीव लावून राहा.

उर्होदादा