वेशीवरच्या दिव्याचा मान

२५ ऑगस्ट २०२५, चिखली

आले एकदाची! खामगावला गाडी बदलून सोनाळ्याहून चिखलीपर्यंत येताना कंबरेचा पार खुळखुळा झाला. आईने डबा इतका भरला होता की निम्मी एसटी जेवली असती. स्टँडवर दीपमाला उभी होती, हात हलवत, वेड्यासारखी ओरडत. होस्टेलात तीन वर्षं एका खोलीत काढली आम्ही, एका ताटात जेवलो. तिने बोलावलं नसतं तर मी अजून सोनाळ्याला शिकवण्याच घेत बसले असते.

ती इथे 'संध्यासफर' नावाच्या सहलीवर गाइड आहे. आता दिवाळीनंतर तिचं लग्न, म्हणून ती जागा मला. चिखलीत दाखवायला आहे काय, असं मी फोनवर विचारून खूप हसले होते. आता तेच बसभर माणसांना दाखवायचं माझ्या नशिबी आलं आहे. संध्याकाळी बस निघते. रेणुकामातेच्या देवळाची रोषणाई, दिवे लागलेली बाजारपेठ, हंगामात कापसाच्या गंज्या, गरम भजी. मग सावळदऱ्याच्या धरणात बोटीची फेरी आणि शेवटी पाण्यावरचा प्रकाशखेळ. ही सहल सगळी उत्तमरावांची. धरणात बुडालेलं सावळदरा हे त्यांचंच गाव. मोठे जमीनदार, पण बोलायला गोड. मला पोरी पोरी करत होते.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून बाजार समितीचं आवार दिसतं. मी फार खूश आहे.

२६ ऑगस्ट

आज काम हातात घेतलं, आणि अगदी थाटात घेतलं.

धरणाच्या मध्यावर एक लोखंडी तराफा नांगरून ठेवला आहे. त्याच्या बरोबर खाली जुन्या गावाची वेस आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिची कमान दिसते म्हणे. गाइडने तराफ्यावर कंदील घेऊन उभं राहायचं आणि माइकवरून गावाची कथा सांगायची. भागवत बोट चालवतो. तो गाइडला तराफ्यावर उतरवतो, पर्यटकांना घेऊन भोवती फिरतो आणि खेळ संपला की परत न्यायला येतो. पंपाने पाणी वर उडवून त्याचा पडदा करतात. त्यावर जुनं गाव उमटतं, घरं, गोठे, पिंपळपार. खरंच सुंदर दिसतं.

कथा अशी. सावळदऱ्यात वेशीवर रोज दिवेलागणीला कंदील लावायचा रिवाज होता, आणि तो मान घराघरांत फिरायचा. एका घराने दुसऱ्याच्या हातात कंदील द्यायचा आणि विचारायचं, घेतला का मान? समोरच्याने घेतला म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय मान सुटत नाही. तीन वर्षांपूर्वी धरण भरलं त्या सर्वपित्री अमावास्येला मान उत्तमरावांच्या घराचा होता. त्यांच्याकडची भिमाबाई शेवटचा दिवा लावून आली आणि गावाने निरोप घेतला. इथे पर्यटक डोळे पुसतात.

आज दीपमालाने सगळ्यांसमोर तराफ्यावर माझ्या हातात कंदील दिला आणि विचारलं, "घेतला का मान?" मीही नाटकीपणाने मान वाकवून म्हटलं, "घेतला!" बोटीतून टाळ्या पडल्या. आमच्या घरी असले मानपान नसतात, बाबा तर हसतील. पण कंदील धरायला कुठे जात-धर्म लागतो? आणि रॉकेल मिळत नाही म्हणून त्यात सेलवरचा बल्ब बसवलेला आहे.

दीपमाला मला घट्ट बिलगली आणि रडायला लागली. मी तिची चेष्टा केली, सासरी जाताना काय करशील मग. रात्रीच्या गाडीने ती मेहकरला, घरी गेली.

२ सप्टेंबर

सरावले. गणपतीची गर्दी आहे, बस भरून वाहते. उत्तमरावांना माझा आवाज फार आवडला. पावसाळ्यात घसा बसतो, म्हणून त्यांनी माझं सगळं निवेदन रेकॉर्ड करून ठेवलं. दुपारभर बसून करवलं, मध्ये चहा, गुळपट्टी. मी जरा फुगलेच.

सुरुवातीच्या दोन ओळी मात्र अजून जुन्याच वाजतात. कुणा मुलीचा गोड, किंचित घोगरा आवाज आहे. कोण ती, असं मी भागवतला विचारलं. तो म्हणाला की आधीची गाइड, सोडून गेली. त्याच्या मनात असलं तर तो बोलतो, नाहीतर बोटीचं इंजिन बरं.

आज एक गंमत झाली. खेळ संपला, पंप थांबला, पाण्याचा पडदा खाली पडला. तरी पाण्यात एक पिवळा दिवा दिसत होता. माझ्याच कंदिलाचं प्रतिबिंब, दुसरं काय!

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला, गर्दी ओसरली.

ते प्रतिबिंब नाही. आज मी कंदिलावर ओढणी टाकली, पूर्ण झाकला. पाण्यातला दिवा तसाच. खोल, वेशीच्या जागी, आणि डुलत होता. हातात धरलेला दिवा डुलतो तसा.

भागवत न्यायला आला तेव्हा मी त्याला दाखवला. त्याने तिकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "बसा ताई, उशीर होऊन राह्यला." आजवर त्याला कधी उशीर झालेला मी पाहिला नाही.

११ सप्टेंबर

दिवा वर आला आहे, नक्की.

आणि आज एक म्हातारा आवाज ऐकू आला. बोट आली का, एवढंच विचारलं. मला वाटलं पर्यटकांत कुणी आजी असेल. पण बोट तेव्हा लांब वळणावर होती.

दीपमालाला चार वेळा फोन लावला. उचलत नाही. लग्नाच्या गडबडीत असेल.

१३ सप्टेंबर

आज जे झालं ते तसंच लिहून ठेवते.

देऊळघाटच्या विमलबाई म्हणून एक बाई सहलीला आल्या होत्या. साधी शेतकरी बाई, एकटीच, पिशवी छातीशी धरून बसलेली. धरणावर स्पीकर सुरू झाला, त्या जुन्या दोन ओळी वाजल्या, आणि बाई बोटीत उभीच राहिली. बोट डुलली, लोक ओरडले. ती म्हणत होती, "माही छकुली हाये ते! माह्या पोरीचा आवाज हाये!"

काठावर आल्यावर तिने माझा हात सोडला नाही. छकुली इथे गाइड होती. मागच्या सर्वपित्रीला कामावरून घरी आलीच नाही. तिचं कुणावर तरी मन होतं, पळून गेली, असं उत्तमरावांनी सांगितलं. गावाने वर्षभर या बाईला तोंड वर करू दिलं नाही. शेजारचं कुणी सहल करून गेलं आणि आवाज ओळखीचा वाटला म्हणालं, म्हणून ही आली. जाताना म्हणाली, "पळून गेली असती त एक फोन केला असता व तिनं. भांडली तरी मले फोन करे."

मी उत्तमरावांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले की आईचं मन आहे, तिला भास होतात. मला चहा पाजला. उद्यापासून जुन्या ओळी काढून तिथेही माझाच आवाज लावायला सांगितलं.

१६ सप्टेंबर

दीपमालाने फोन उचलला. मी काही विचारायच्या आधीच ती रडायला लागली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

भिमाबाई दिवा लावून परत आली हे खोटं आहे. मान उत्तमरावांच्या घराचा, पण पाणी चढत होतं म्हणून त्यांनी घरच्या कामाच्या म्हातारीला पाठवलं. तू दिवा लाव, बोट तुला घ्यायला येते, असं सांगितलं. बोट भागवतची होती. गेलीच नाही. पुढच्या सर्वपित्रीला उत्तमरावांचा थोरला मुलगा तोच कंदील घेऊन पाण्यात चालत गेला. कंदील दुसऱ्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर परत. सर्वपित्रीला मान ज्याच्याकडे, त्याला पाणी नेतं. तेव्हापासून ते मान घराबाहेर देतात. ही सहल त्यासाठीच. छकुलीला दिला. छकुली गेल्यावर कंदील परत आला, तो दीपमालाला दिला. तिला पाण्यातला दिवा दिसला, मग तिने भागवतकडून सगळं काढून घेतलं, आणि तिने—

मी विचारलं, मलाच का? शत्रू नव्हता का कुणी तुला?

ती म्हणाली, "दुसऱ्या कोनी इचारलं असतं, कायचा मान, कायले घेऊ. तू काहीच इचारणार नव्हती, समता. माह्यावर एवढा भरोसा ठेवणारं दुसरं कोन होतं?"

तीन वर्षं एका ताटात जेवलो आम्ही.

१७ सप्टेंबर, सोनाळा

पळून आले. कंदील उत्तमरावांच्या ओसरीवर ठेवला, घेतला का मान असं मोठ्याने विचारलं. ते पेपर वाचत राहिले. मान वर केली नाही, तोंड उघडलं नाही. घेतला म्हणालेच नाहीत.

आईने भाकरी थापली. बाबा म्हणाले, दिवा म्हणजे दिवा, त्याला काय भ्यायचं. बरं वाटलं.

संध्याकाळी दाराच्या खिळ्याला कंदील लटकत होता. आईला वाटलं मीच आणला. मी काच काढून पाहिली. बल्ब नाही, सेल नाही. वात जळत होती, रॉकेलचा वास येत होता. खालून पाणी ठिबकत होतं.

आई तो उतरवायला गेली. मी तिच्या हातावर झडप घालून ओरडले. तिच्या तोंडून चुकून तो शब्द निघाला असता तर—

पहाटेच्या गाडीने परत निघते. हे घरात नको.

१९ सप्टेंबर

मराठी शाळेच्या बाई मुली घेऊन आल्या होत्या. एक चुणचुणीत पोर तराफ्यावर चढली. फोटोसाठी हात पुढे करून म्हणाली, ताई, मी घेते ना मान, द्या की.

बोटीत उत्तमराव होते. त्यांनी मला मान हलवून खूण केली. दे म्हणून. मायेने, बापासारखी.

पाण्यातला दिवा तेव्हा हातभर खोलीवर होता. मला जगायचं आहे. आईच्या हातचं खायचं आहे. कंदील पुढे झालाच होता माझा.

नाही दिला. तिला ढकलूनच दिलं बोटीत. रडली बिचारी.

२० सप्टेंबर

दीपमालाचा फोन. ती येते आहे उद्या. झोप लागत नाही म्हणाली, माझा मान मीच परत घेते, पण तराफ्यावरच घ्यावा लागेल, दिला तिथे.

शपथ घेतली तिने. आईची.

मला विश्वास ठेवायचा नाही. पण ठेवला नाही तर उरतं काय? दुसरं कुणीतरी पोर.

उद्या सर्वपित्री.

२१ सप्टेंबर

काठ. दिवेलागण.

आज सहल बंद, बस नाही. तरी बोट तयार आहे. दीपमाला आली, खरंच आली! पांढरीफटक पडली आहे. माझ्याकडे बघत नाही. बोटीत एका वेळी एकच, असं भागवत म्हणतो. कालपर्यंत बसभर माणसं बसत होती हिच्यात.

दीपमाला म्हणते, तू पुढे हो, मी दुसऱ्या फेरीत आलेच.

वही बरोबर घेते आहे.

तराफ्यावर

उतरवून गेला. म्हणाला, "थांबा ताई. बोट तुम्हाले घ्यायले येते." हेच छकुलीलाही म्हणाला असशील ना रे, भागवत?

काठावर दोन आकृती दिसतात. दीपमाला. आणि पांढऱ्या सदऱ्यातले उत्तमराव. बोट काठाला लागली. तिने पाय टाकला नाही. दीपे, टाक ना गं पाय

भागवतने इंजिन बंद केलं.

पंप सुरू. पडदा उभा राहिला. स्पीकरवर मी बोलते आहे. माझा गोड आवाज, चहा-गुळपट्टी खाऊन केलेला. सावळदऱ्यात वेशीवर रोज दिवेलागणीला— आता त्यांना माझी गरज नाही. म्हणून रेकॉर्ड

ती वळली. दीपमाला चालली. पाठ दिसते. आईची शपथ घेतली होती. दीपे! दीपे! आवाज जातच नाही, माझाच आवाज मोठा आहे सगळीकडे

कंदील भडकला. पान नीट दिसतं आता.

खालचा दिवा वर आला. पाण्याला टेकला. हात. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा. मागे अजून एक हात, तरणा, घड्याळ बांधलेला. छकुली. तुझी आई आली होती गं. तिला कळलं तू पळाली नाहीस. एवढं तरी

म्हातारी वर बघते आहे. राग नाही चेहऱ्यावर. नुसती थकली आहे. विचारते आहे, बोट आली का व माय?

काय सांगू हिला? आजी, मी पण त्याच बोटीची वाट