फोटोत मागे दिसलेला बांध

९ जुलै

ताईच्या नवऱ्याने, कापासाने नवा फोन घेतलाय. मला तो आवडलेला नाही. फोनही नाही, आणि फोन आल्यापासूनचा कापासाही नाही!

सकाळी होडीतून उतरू दिलं नाही, आधीच नाकासमोर धरला. "बघ मेहुणीबाई, पापण्या मोज!" मुकादमाचा फोटो होता. आमच्या बूटचोच्यांच्या, बुटासारख्या चोचीच्या त्या मोठ्या पक्ष्यांच्या जोडीतला नर. सकाळभर एका जागी उभा राहून असा बघतो की आपणच कामचुकार वाटावं, म्हणून मुकादम. त्याची बायको मुकादमीण.

फोटो बरा होता, मान्य. पण मागचं लव्हाळं न् लव्हाळं दिसत होतं. वारूळ दिसत होतं. वारुळावर बसलेला बगळासुद्धा!

"दाजी, घरट्यावर फोन आणायचा नाही, ठाऊक आहे ना?"

"घरटं कुठंय यात? मुकादम बाहेर जेवायला गेले होते."

आम्हा घरटं राखणाऱ्यांनी हा नियम उगाच नाही केलेला. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने मोबाइलवर पिलाचा फोटो काढला. ठिकाण कळेल असं काही फोनमध्ये चालू नव्हतं, शपथेवर सांगत होता. पण फोटोत मागे मासे धरायचा बांध आला होता. आणि या दलदलीतला माणूस एक वेळ सख्ख्या भावाचं तोंड विसरेल, पण बांध विसरायचा नाही. कुणाच्या बांधाला किती मोऱ्या, कुठली खचलेली, कुणाची टोपली कशी विणलेली. फोटो हातोहात फिरला, पिलं विकणारे चोर आले आणि घरटं रिकामं झालं. रिकाम्या घरट्यावर मुकादमीण पाणी ओतत उभी होती. मी पाहिलंय ते.

तेव्हापासून फक्त कॅमेरा. संशोधक बाई जाताना ठेवून गेली तो, मुसळाएवढ्या भिंगाचा. तो पक्षी तेवढा धरतो आणि मागचं सगळं दूध करून टाकतो. माझ्या गळ्यात असतो. मला त्याचा ताठा आहे. इथे लिहायला काय हरकत!

१२ जुलै

पिलू आलं!!

करडं, ओलं, डोकं मानेला पेलत नाही. मुकादमीण चोचीत पाणी भरून आणते आणि त्याच्या अंगावर ओतते, ऊन चढलं की पुन्हा. मी पाच फोटो काढले आणि थांबले, कारण कॅमेऱ्याच्या खटक्याला ती दचकते. कापासा मागून कुजबुजला, "तुझा डबा ओरडतो. माझा फोन मुका आहे बघ." फोन मुका आहे खरा. तेच तर नको वाटतं. कधी फोटो काढला ते कळतच नाही.

परतताना त्याला दाखवला माझा फोटो. म्हणाला, "पक्षी आहे की दुधात पडलेली माशी?" मग जरा वेळाने, अगदी सहज: "मागचं का दिसत नाही गं यात? आणि माझ्यात का दिसतं?" मी सांगितलं. मोठं भिंग एकाच गोष्टीवर नजर ठेवतं, फोनचं बारकं भिंग जवळचं-लांबचं सगळंच पकडतं. तो ऐकत होता. कापासा कधी काही ऐकून घेत नाही!

चितेम्बोकाका आज शेकोटीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "हेही पिलू गेलं तर राखण बंद. कुठल्या तोंडाने पुन्हा माणसं मागू?" पहाऱ्याचे ते मुख्य, त्यांना तेच दिसणार. मला राखणीचं काही नाही. मला ते पिलू उडालेलं पाहायचंय. बस.

१३ जुलै

धुकं. फोनची काच ओली झाली की त्याला बोट कळत नाही. कापासा सदऱ्याला पुसून पुसून वैतागला. मला बरं वाटलं.

१७ जुलै

दुपारी कापासा पहाऱ्यावरून गायब. संध्याकाळी आला तो कंबरेपर्यंत चिखल. होडीत कापलेल्या पपायरस गवताचे दांडे पडलेले, तळहात कापलेले.

"कुठे होता, दाजी?"

"दुसरी बायको करायला गेलो होतो. तुझ्यापेक्षा गोरी आहे."

"तिला सांगितलंत का, घोरता कसे ते?"

सगळे हसले. मीही हसले. आमच्यात मेहुणा-मेहुणीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. त्याने मला चेटकीण म्हणावं, मी त्याला चोर म्हणावं, आणि कुणी रागावलं तर त्याचंच हसं. पण याचा एक तोटा आहे. ज्याला काही लपवायचंय त्याला ही केवढी सोय! मी विचारलं काय, उत्तर आलं काय.

पपायरस कशाला कापला? कापून कुठे टाकला? लपायला आडोसा करतोय का कुणासाठी?

१८ जुलै

ताईकडे जेवले. न्शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकट. कापासा बाहेर गेल्यावर फोन उचलून पाहिला. उघडत नाही, अंगठा लागतो. तेवढ्यात आला! दारात उभा, दात काढून हसतोय. "माझा अंगठा हवाय? कापून नेतेस का?"

ताई म्हणाली, "तुझं काय चाललंय, चिसाला? नवरा माझा आहे, पाळत तू ठेवतेस."

मी ताट घासून ठेवलं आणि निघाले.

२१ जुलै

मासळी घ्यायला म्वापे आली होती, काठावरच्या गावातून. टोपल्या भरता भरता म्हणते, "तुमचा मोठ्या चोचीचा बरा नावाजलाय! घरट्यावर उभा आहे, फोटो फिरतोय."

माझे हातच थांबले. "कुणाच्या फोनवर पाहिलास?"

"माझ्या पोराच्या. त्याला कुणी धाडला कोण जाणे."

"मागे काय दिसतं?"

"लव्हाळी. आणि एक बांध. मोऱ्याबिऱ्या अगदी स्वच्छ."

"कुणाचा बांध?"

"मला काय कळतंय, बाई! मी कोरड्यातली. मला तुमचे बांध सगळे सारखेच."

तिच्या फोनला तर फोटो दिसतच नाही, नुसती बटणं. पोरगा शहरात गेलेला.

पण पाहायचं काय राहिलंय? घरटं एकच. घरट्यामागे बांध एकच, आमच्या बाबांचा. मागचं स्वच्छ दिसतं म्हणजे माझा कॅमेरा नव्हे. फोन. आणि पहाऱ्यात फोन एकाकडेच!

२२ जुलै

एकदा त्याला संधी द्यावी म्हणून विचारलं. होडीत आम्ही दोघंच.

"दाजी, थट्टा बाजूला ठेवा. तुम्ही फोटो कुणाला दिलात?"

बांबूने होडी रेटता रेटता म्हणाला, "चोरांना. आणखी कुणाला? चोर कुठं यायचे ते मीच ठरवतो, मेहुणीबाई. तू निवांत झोप."

सवयीने हसू आलं मला! रागसुद्धा नीट येत नाही या माणसाचा. हसून झाल्यावर मात्र त्याचे शब्द पुन्हा आठवले. असं बोलतं का कुणी?

२३ जुलै

सांगू की नको? ताईचा नवरा. पहारा गेला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, त्याला आणि तिलाही.

आज पिलाने पहिल्यांदा अख्खा मासा गिळला. मान वर करून कितीतरी वेळ तसंच, जणू आपण काय केलं ते त्यालाच कळेना. मला रडू आलं.

सांगणार.

२४ जुलै

सांगितलं. सकाळी, सगळे पहारेकरी चहाला जमले तेव्हा. चितेम्बोकाकांना आधी वाटलं मेहुणा-मेहुणीचं नेहमीचंच. हसायला लागले. मला तीनदा म्हणावं लागलं, "थट्टा नाही, काका. खरं सांगतेय." मग काकांनी चहाचा कप खाली ठेवला. फोटो, बांध, पपायरसचे दांडे, दुपारचं गायब होणं — सगळं सांगितलं.

"बोल कापासा," काका म्हणाले.

तो बोलला नाही. बसलेल्या एकेकाकडे नुसता बघत गेला, सावकाश. मग माझ्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठला, पहाऱ्याचा हिरवा सदरा काढला, घडी केली, काकांच्या शेजारी ठेवला आणि उघड्या अंगाने होडीकडे गेला. थंडी केवढी होती!

निर्दोष माणूस ओरडला असता. काही तरी म्हणाला असता. नाही का?

२५ जुलै

ताई पाण्यावर दिसली. मी हाक मारली. तिने घागर भरली आणि गेली.

२८ जुलै

कापासा घरी नाही म्हणतात. बापाकडे गेलाय, उत्तरेला ओढ्याचा वाहळ आहे, त्यापलीकडे. बरोबर फोन. काय करतो तिथे? मुकादम मासे धरायला तिकडेच जातो रोज. त्याच्यावरही पाळत!

आम्ही पहारा दुप्पट केला. मी घरट्याजवळून हललेच नाही.

३१ जुलै

रोज पहाटे वाटतं, आज चोर येणार. बाबांच्या बांधावरूनच येतील, दुसरी वाटच नाही. लव्हाळं हललं की उठून उभी राहते. येतं पाणकोंबडं.

कॅमेरा गळ्यात आहे, पण फोटो काढवत नाहीत. डोळ्याला लावला की कडेचं काही दिसत नाही. तो दाखवतो तेवढंच. आणि मला आता सगळीकडे बघायला हवं.

३ ऑगस्ट

चोर पकडले!! पिलू घेऊन जायला बारदानासकट आलेले. उजाडता उजाडता वनरक्षकांच्या ताब्यात दिले.

आमच्याकडे आलेच नाहीत. पकडले कुठे? कापासाच्या बापाच्या बांधावर! आणि कापासा तिथेच, त्यांच्याबरोबर. हाणामारी झाली म्हणतात, देण्याघेण्यावरून असणार. चोर लपवायला घर त्याच्याच बापाचं! मी काकांना म्हटलं, "बघा, मी सांगत होते की नाही!" काका नुसते हं म्हणाले.

पिलू सुखरूप. ताईचं वाईट वाटतंय. पण मी बरोबर होते. मी बरोबर होते.

४ ऑगस्ट

झोप नाही. एक कळत नाही. चोरांना घरट्याची जागा ठाऊक होती, तर ते वाहळापलीकडे काय करत होते? तिकडे घरटंच नाही. चार पावसाळ्यांपूर्वीच्या घरट्याचा कुजका ढिगारा आहे तेवढा.

५ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. कापासाचा उजवा हात प्लास्टरमध्ये, भुवईला टाके. त्याच्या चुलत्यांनी सांगितलं — चोरांनी बांबू हाणला तो त्याने हातावर घेतला, पण त्यांची होडी सोडली नाही.

ताईने त्याचा डावा अंगठा फोनवर टेकवला आणि फोन माझ्या हातात दिला. काच तडकलेली. पण फोटो दिसत होता. मुकादम उभा, पायाखाली त्या कुजक्या ढिगाऱ्यावर ताज्या पपायरसचं रचलेलं रिकामं घरटं. मागे बांध, मोरी न् मोरी स्वच्छ. तो आमचा नव्हता. त्याच्या बापाचा होता.

"सापळा आहे हे सगळ्यांसमोर कसं सांगणार होते?" ताई म्हणाली. "मागच्या वेळी पाहुण्याचा फोटो आपल्यातल्याच कुणीतरी ओळखला होता ना? तुला एकटीला सांगितलं होतं म्हणे, होडीत. तू हसलीस."

मग जे नेहमी बोलते तेच तोंडातून आलं. "काय दाजी, दुसऱ्या बायकोने एवढं बडवलं होय?"

तो हसला नाही. उठून बसायचा प्रयत्न केला, उशाशीच्या खुर्चीवर पडलेला सदरा बाजूला सरकवला. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं.

"बसा, ताई. चहा घेणार का तुम्ही?"