दाजींचा दगड

॥ श्री ॥
नाशिक रोड
९ ऑगस्ट २०२३

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुला समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं कळतं, फोनवर काही ऐकू येत नाही, आणि तुझ्या महेशने दाखवलेल्या मोबाइलमधली अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून आपला हा टपालाचा संसार चालू आहे. पोस्टमन म्हणतो, काका, या कॉलनीत हाताने लिहिलेलं पाकीट तुमच्या एकट्याकडेच येतं.

आम्ही ठीक. ज्योत्स्नाचे गुडघे तेवढे दुखतात. रिटायर झाल्यापासून मी घरात लुडबुड करतो असं तिचं म्हणणं. ओझरच्या कारखान्यात जन्मभर हत्यारांच्या खिडकीत बसलो. कामगाराने पितळी बिल्ला द्यायचा, मी हत्यार द्यायचं. संध्याकाळी हत्यार परत आलं की बिल्ला परत. घरात कोणी बिल्ला देत नाही, हीच अडचण.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मागच्या आठवड्यात एक जुनं गिरमिट मिळालं. लाकडाला भोक पाडायचं. शिसवी मूठ, आणि मुठीवर कुणीतरी तापल्या खिळ्याने गेणू असं नाव उमटवलेलं. विकणाऱ्याला ते काय आहे हेही माहीत नव्हतं. घासलं, तेल लावलं, ठेवलं. छंद म्हण.

दाजींचा खोकला कसा आहे? बाबांचा रंधा अजून त्यांच्याकडे आहे का? बाबांनी आपली पेटी जावयाला दिली ते बरोबरच केलं, मला खिळा सरळ मारता येत नव्हता. सहज आठवलं म्हणून विचारलं.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा,
धनराज


॥ श्री ॥
नांदगाव
२५ ऑगस्ट २०२३

चि. धनराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत राखी आहे. ज्योत्स्नाच्या हातून बांधून घे, आणि ओवाळणी तिलाच दे.

यांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टर म्हणतात, जन्मभर लाकडाचा भुसा आत गेला, तो आता बाहेर निघत नाही. कामाच्या शेडपर्यंत चालवत नाही. तरी गल्लीत कुणी गेलं की तिरडीचे बांबू कापून घ्यायला माणसं यांच्याकडेच येतात. मागच्या आठवड्यात खाटेवर बसून कापून दिले. ते काम दुसऱ्याला करू देत नाहीत. वाकडी तिरडी खांदेकऱ्यांना त्रास देते म्हणतात.

बाबांचा रंधा आहे. यांना विचारलं तर हसले. म्हणाले, मेहुण्याला म्हणावं ये आणि घेऊन जा, पण मुक्कामाला ये. दोन वर्षं झाली तुला येऊन. आई-बाबा गेले, घर विकलं. माझं माहेर म्हणजे आता तू. गाडी तर तुझ्याच दारावरून सुटते.

ज्योत्स्नाला तेल लावून गुडघे शेकायला सांग. आठवण येते, एवढं लिहून थांबते.
तुझी अक्का,
कला


॥ श्री ॥
नाशिक रोड
१८ सप्टेंबर २०२३

ती. वन्संना,
ज्योत्स्नाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे.

ते तुम्हाला छंद असं लिहितात. आमच्या झोपायच्या खोलीत आता पलंग नाही. तो काढून टाकला, तिथे करवती टांगल्यात. मी स्वयंपाकघरात ओट्याशी अंथरूण घालते. पाणी प्यायला उठलं की पायाला आधी लोखंड लागतं. नातवाच्या पायात पटाशी घुसली तेव्हापासून मुलगा सुनेला घेऊन येईनासा झाला. आणि वन्सं, इतक्या दिवसांत यांनी एकदाही लाकडाला हात लावलेला नाही. घासतात, तेल लावतात, मुठींवरची नावं वाचतात.

बाजारात मिळत होतं तोवर मी गप्प होते. आता चौकातले श्रद्धांजलीचे फलक वाचत फिरतात. कुणी सुतार गेला असेल तर पांढरा शर्ट घालून रामकुंडावर त्याच्या दशक्रियेला जाऊन बसतात. लोकांना वाटतं लांबचे पाहुणे असतील. सिन्नरकडे एका घरी गेले, तर तो माणूस जिवंत. नुसता आजारी. हे त्याच्याजवळ बसले, त्याचे पाय चेपले, मग दर आठवड्याला फळं घेऊन जायला लागले. तो गेला आणि पेटी आमच्याकडे आली. त्याच्या बायकोने फोन करून मला सांगितलं, तुमचे मालक म्हणजे देवमाणूस.

परवापासून ते मला विचारताहेत, दाजींसाठी चांगली सफरचंदं कुठे मिळतील.

चुकलं असेल तर पोटात घाला.
तुमची,
ज्योत्स्ना


॥ श्री ॥
नाशिक रोड
२६ ऑक्टोबर २०२३

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडली. घरात जागा पुरेना म्हणून जिन्यात मांडली. वरच्या मजल्यावरचे कुरकुरले, त्यांना म्हटलं, एक दिवस उडी मारून जा. हळदकुंकू वाहताना एकेकाचं नाव घेतलं. गेणू, झिपरू, बारकू. ज्योत्स्ना म्हणाली, ही पूजा नाही, हा सर्वपित्रीचा कार्यक्रम आहे. तिला टोमणे सुचतात, म्हणजे तब्येत बरी आहे.

दाजींना श्वास लागतो तो निजल्यावर की बसल्यावरही? जेवण किती जातं? पायांवर सूज आहे का? चेहऱ्यावर आली तर लगेच कळव.

शेडमध्ये ओल येते का? महेशला त्यातलं कळत नाही. तो उद्या सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर टाकेल. गंजलेलं पातं मला बघवत नाही. तेल लावलेलं फडकं तरी गुंडाळून ठेवायला सांग.

भाऊबीजेला येतो. सफरचंदं आणतो.

दाजींच्या पायांवर डोकं ठेवतो. आमच्यावर जीव आहे तो असाच असू दे.
तुझा,
धनराज


॥ श्री ॥
नांदगाव
२० नोव्हेंबर २०२३

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं. रागावू नकोस. मला वाटलं चिडतील. ते हसले, आणि हसल्यामुळे बराच वेळ खोकले.

धनराज आला. मी पाट मांडून, तबक लावून बसले होते. तो आधी शेडमध्ये गेला. निरांजनातलं तूप संपलं, मी पुन्हा घातलं.

मग यांनी त्याला खाटेजवळ बोलावलं आणि सगळंच देऊन टाकलं. बाबांचा रंधा, पटाश्या, करवती, माझ्या आजेसासऱ्यांचा काटकोन बघायचा गुण्या. बांबू कापायची करवतसुद्धा. तो नको नको म्हणत होता आणि हात पेटीच्या कडीवर होता. टेम्पो त्याने आधीच ठरवून स्टेशनजवळ उभा केला होता, हे मला नंतर कळलं. ओवाळून घेतलं, पण उभ्यानेच. पुरणपोळी डब्यात घालून दिली. दिवेलागणीच्या आत निघालाही.

तो गेल्यावर मी यांच्याशी भांडले. जिवंत माणूस आपली पेटी उचलून देतो का. तर म्हणाले, ठेवली असती तर तो माझ्या मरणाची वाट बघत बसला असता. आता दिली. आता आला तर तो माझ्यासाठी येईल, तुझ्यासाठी येईल. बघू.

धार लावायचा दगड तेवढा ठेवून घेतलाय. झिजून बोटाएवढा उरलाय. उशाशी असतो, त्यावर अंगठा फिरवत पडून राहतात.

तू अंथरूण ओट्याशी घालू नकोस, थंडी आहे. माझा हात तुझ्या पाठीवर आहे असं समज.
कला


॥ श्री ॥
नांदगाव
१२ जानेवारी २०२४

चि. धनराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगूळ पाठवते. भाऊबीजेनंतर तुला पत्रं टाकली, ती पोचली असतील.

यांना घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलंय. दुपारी नाशिककडून गाडी यायच्या वेळेला, दाराकडे तोंड करून बसवा म्हणतात. बसवतो. गाडीची माणसं गल्लीतून पांगली की पुन्हा निजवा म्हणतात. महेश म्हणाला, मामा कशाला येईल, मामाचं काम झालं. त्याला मी गप्प केलं. भाच्याने मामाबद्दल असं बोलू नये.

शेड रिकामी आहे. झाडून घेतली. तुझी खाट तिथे टाकते. येताना सफरचंदं नको, काही नको. नुसता ये.

वाट बघते आहे, हे वेगळं काय लिहायचं.
तुझी अक्का,
कला


नांदगाव
१५ फेब्रुवारी २०२४

धनराज,

हे गेले. महेशने तेव्हाच फोन केला होता. तू म्हणालास, निघतो. आम्ही थांबलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा माणसं म्हणाली, आता उचलू.

बांबू आले होते. घरात ते कापायला करवत नव्हती. माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. असल्या वेळी ज्याच्याकडे यायचं तोच आत निजला होता. शेवटी महेशच्या मित्राने प्लायवुडच्या दुकानातून विजेचं कटर आणलं. मला काही ऐकू आलं नाही. बायांनी कानांवर हात ठेवलेले तेवढे दिसले. तिरडी वाकडी झाली. वाटेत खांदेकरी दोनदा थांबले.

दहाव्यालाही तू आला नाहीस. ज्योत्स्ना एकटी आली. ती इथेच राहिली आहे. गुडघे बरे होईपर्यंत, असं आम्ही दोघी लोकांना सांगतो.

कला


नाशिक रोड
२४ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
सा. न.

काय लिहू ते सुचत नाही. दाजींसारखा माणूस पुन्हा होणे नाही. मी स्टेशनपर्यंत गेलो होतो. गाडी समोर उभी होती. मला कोणी हत्यार दिलं की मी बिल्ला द्यायचा असतो, आणि माझ्याकडे दाजींना द्यायला काही नव्हतं. गाडी निघून गेली.

दहाव्याला नक्की येणार होतो. पण त्याच सकाळी रामकुंडावर पेठकडच्या एका म्हाताऱ्याची दशक्रिया होती. चार पिढ्यांची पेटी. घरची माणसं म्हणत होती, ठेवून काय करायची, पाण्यात सोडू. मी नसतो तर सोडली असती, अक्का. तूच सांग.

ज्योत्स्नाला म्हणावं घाई नको, गुडघ्यांना आराम पडू दे. ओट्याजवळची जागा मोकळी झाली, तिथे दाजींची पेटी नीट बसली.

एक राहिलं. पेटीतल्या पटाश्यांना दुसऱ्या दगडाची धार चढत नाही. बरेच दगड लावून पाहिले. दाजींच्या उशाशी एक छोटा काळा दगड होता. तो तिथेच असेल ना? टपालाने पाठवलास तरी चालेल. त्याच्यावाचून पेटी अपुरी आहे.

स्वतःला सांभाळ. तुझ्याशिवाय मला तरी कोण आहे.
तुझा,
धनराज


नांदगाव
४ मार्च २०२४

चि. धनराज यास,
आशीर्वाद.

दगड नाही.

स्मशानात मडकं फोडायला दगड घ्यायचा, तेव्हा महेशने खाली वाकण्याऐवजी खिशातून तो काढला. यांनीच त्याला सांगून ठेवलं होतं. गुरुजी कुरकुरले. मग म्हणाले, दगड तो दगड. दहा दिवस फडक्यात बांधून दारातल्या लिंबाला टांगला होता. दहाव्याला पिंडांबरोबर नदीत सोडला.

ज्योत्स्ना शेडमध्ये झोपते. तिथे तिला पाय पसरता येतात.

आता इथून न्यायला काही उरलं नाही. मी आहे. कधी येतोस हे विचारायचं सोडून द्यायचं ठरवलं होतं. पुन्हा एकदा विचारते. कधी येतोस?

तुझी अक्का,
कला


॥ श्री ॥
नाशिक रोड
१४ मार्च २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊनच फिरतो. महेशने केलं त्याला मी वाईट म्हणत नाही.

तसल्या दगडाला पाण्याने काही होत नाही. वाहून जाण्याइतका तो हलका नाही, आणि तुमच्या नदीला तेवढी ओढही नसते. तुम्ही दहावा केलात ती जागा पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या? दगड पायरीशी सोडला की हात लांब करून टाकला? महेशला नीट आठवून सांगायला लाव, आणि तू लिहून कळव.

कधी येतोस विचारलंस. वैशाखात येतो. मुक्कामालाच येतो, तू म्हणशील तितके दिवस राहतो. तोवर नदी आटलेली असेल.

ज्योत्स्नाला आशीर्वाद. माझी खाट अंगणात टाकली तरी चालेल. आजवर केलीस तेवढीच माया कर, जास्त मागत नाही.

तुझा,
धनराज